एक ठोका जास्त

१

सोमवारी दुपारी बाराची गाडी साहेबांच्या डोळ्यांदेखत सुटली आणि आमच्या घरावर बालंट आलं.

साहेब म्हणजे नगर कार्यालयाचे अधीक्षक. टॉवरच्या घड्याळाकडे बघून, अजून एक मिनिट आहे अशा हिशेबाने ते बॅग झुलवत फलाटावर गेले, तर गाडीचा शेवटचा डबा त्यांच्या नाकासमोरून निघून गेला. साहेब हात हलवत उभे राहिले आणि तेव्हा कुठे टॉवरचे बाराचे ठोके पडायला लागले. चोपन्न सेकंद उशिरा!

त्या घड्याळाचा मेंदू माझ्या भाचीने बनवलेला आहे. हे मी भेटेल त्याला सांगतो, आणि जो भेटत नाही त्याला गाठून सांगतो. तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण लहानपणी ती खारीसारखी स्क्रू गोळा करून उशीखाली ठेवायची. चाळीस वर्षं किल्लीने चालणाऱ्या त्या थोरल्या यंत्राच्या जागी सहा महिन्यांपूर्वी तिचं डब्याएवढं खोकं बसलं. आत नखाएवढी चिप, तिचं नाव मायक्रोकंट्रोलर. ते कसं चालतं हे मला तोंडपाठ आहे. खोक्यात एक स्फटिक असतो, तो सेकंदाला एक कोटी साठ लाख वेळा थरथरतो. दर दोनशे छप्पन्न थरथरींना एक ठोका धरायचा. असे बासष्ट हजार पाचशे ठोके झाले की एक सेकंद. तेवढे झाले की आतला टायमर चिपच्या खांद्यावर थाप मारतो: हातातलं काम ठेव, सेकंद झाला! या थापेला इंटरप्ट म्हणतात. चिप तेव्हा घंटा वाजवत असो की छोट्या पडद्यावर अक्षरं लिहीत असो, थाप पडली की आधी सेकंद मोजायचा, मग बाकीचं.

आणि मी कोण? मी तिचा मामा. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका लाल शाईने दाखवायच्या, हे माझं काम. गावात मला 'कानामात्रा' म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं. माझ्या नजरेखालून एक चूक सुटल्याचं दाखवा, मी मिशी उतरवीन, हे गावभर सांगून ठेवलंय. सध्या निवृत्त आहे, पण पेन निवृत्त झालेलं नाही.

संध्याकाळी साहेब भाचीच्या कार्यशाळेत आले. घामाघूम, हातात ती न गेलेली बॅग तशीच.

"शनिवारी दुपारी बाराला तुमचं खोकं खाली," ते म्हणाले. "बाहेरच्या कंपनीचं घड्याळ येईल."

"साहेब, उघडून तर बघू द्या!"

"सील कोणी तोडायचं नाही. तुटेल ते शनिवारी, माझ्यासमोर. तोवर काय बिघडलं आणि कोणी बिघडवलं ते सांगता आलं तर सांगा. पटलं तर बघू."

साहेब गेले. खारूताईने संगणक उघडला. तिच्याकडच्या मूळ प्रतीतला प्रोग्रॅम ठीक होता. तोच स्फटिक तिने तीन महिने टेबलावर ठेवून तपासला होता, दोन सेकंदांच्या वर चूक नव्हती.

"मामा, माझं घड्याळ मागे पडतं असं एकदा पसरलं ना, की संपलं. माझ्याकडून पुढे कोणी गजरसुद्धा घेणार नाही," ती म्हणाली. तिने बाहीने डोळे पुसले. दोन वर्षं त्या खोक्यापायी तिने दुसरं काही केलं नव्हतं.

"रडतेस काय वेडे? चूक शोधायला तुझा मामा जन्माला आलाय," मी म्हणालो. फार ऐटीत म्हणालो.

२

मंगळवारी मी टॉवरवर गेलो. दार उघडलं चावीवाल्यांनी. चाळीस वर्षं रोज सकाळी घड्याळाला किल्ली दिलेला माणूस. यंत्र गेलं, पण किल्ली अजून कमरेला असते. माझ्या मते पहिला संशय यांच्यावरच यायला हवा होता. ज्याची जागा गेली, त्याच्या पोटात दुखणारच.

"चला चौथ्या मजल्यावर," ते म्हणाले.

मी दम खात एकेक मजला मोजत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच.

"अहो चावीवाले, हा पाचवा!"

"चौथा. खालचा तळमजला. त्याला कोण पहिला म्हणतं?"

"पाच मजले आणि शेवटचा चौथा? चाळीस वर्षं असंच मोजत आलात? म्हणून घड्याळ मागे पडलं असेल."

"कानामात्रा, बसा आधी. जीव वर आलाय तुमचा."

खोकं भिंतीवर होतं, लाखेचं सील शाबूत. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर साहेबांची सही आणि सहा आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची तारीख. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शिलबंद'. मला राहवेना. खिशातून लाल पेन काढलं आणि तिथल्या तिथे 'सीलबंद' केलं.

"पुराव्यावर लिहिताय?" चावीवाले म्हणाले.

"चूक दिसली की हात थांबत नाही. मला सरळ सांगा, खोक्याला तुम्ही काही केलंत का?"

म्हातारा हसला, मग एकदम गंभीर झाला. "मला बिघडवायचंच असतं ना, तर हे असं दिवसाला चिमूटभर नसतं बिघडवलं. काटे उपटून खाली टाकले असते. माझ्या वेळी उन्हाळ्यात लोलक लांबायचा आणि घड्याळ मागे पडायचं. मग मी लोलकावर एक लोखंडी चकती ठेवायचो, थंडी आली की काढायचो. तरी आठवड्याला अर्धं मिनिट इकडेतिकडे व्हायचंच. पोरीचं खोकं बसलं आणि पहिले चार महिने मी रेडिओ कानाला लावून बसलो. आज चुकेल, उद्या चुकेल. नाही चुकलं! शेवटी मीच नाद सोडला. रोज वर येतो तो फक्त ऐकायला."

"आणि गेले सहा आठवडे?"

"नाद सोडला म्हटलं ना. तिथेच तर फसलो." त्यांनी किल्ली चाचपली. "ती पोर माझी वारस आहे, कानामात्रा. तिचं घड्याळ उतरलं तर माझंही उतरलं म्हणायचं."

मी वहीत त्यांच्या नावावर काट मारली. सील शाबूत होतं, म्हणजे जे काही झालं ते सील लागण्याआधीच झालं होतं. आणि सील लागायच्या आधी त्या गुरुवारी वर कोण आलं होतं, हे चावीवाल्यांना पाठ होतं.

"मी दार उघडायला. साहेब सील करायला. आणि तुमच्या डाखवाल्या वहिनी, खोकं उघडायला."

"आणि खारूताई?"

"ती कुठे होती गावात?"

३

बुधवारी साहेबांच्या टेबलावर बाहेरच्या कंपनीचं गुळगुळीत पत्रक होतं. मला बघून त्यांनी ते फायलीखाली सरकवलं, म्हणून मी ते बाहेर काढलं.

"हे कधीपासून आहे?"

"सोमवारी मागवलं. गाडी चुकल्यावर," साहेब चिडून म्हणाले. "अहो, मला त्या खोक्यातलं ओ की ठो कळत नाही. मी लाख ओतली, शिक्का मारला आणि खाली आलो. मला बिघडवायचं असतं तर माझीच गाडी चुकवीन का?"

यात तथ्य होतं. शिवाय ज्या माणसाला 'सील' लिहिता येत नाही, तो चिपमध्ये काय लिहिणार?

उरल्या डाखवाल्या वहिनी. भाचीची भागीदारीण. चिपचे पाय तांब्याच्या रेघांवर जोडायचे, म्हणजे हल्ली ज्याला सोल्डरिंग म्हणतात आणि आमच्या पिढीत डाख लावणं म्हणायचे, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. भिंगाखाली मान घालून त्या काम करत होत्या.

"त्या गुरुवारी खोक्याला हात कोणी लावला?"

"मी लावला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ताई तेव्हा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. पडद्यावरचे शब्द सुधारायचे होते. तुम्हीच मागे लागला होतात, मामा."

हे खरं होतं. बारा वाजले की खोक्याच्या पडद्यावर 'मध्यान्न' अशी अक्षरं यायची. मध्यान्न! म्हणजे दुपारचं जेवण! गावाचं घड्याळ रोज बाराला लोकांना पानावर बसवत होतं. शब्द आहे मध्याह्न. त्यात अन्न नाही, अहन् आहे, अहन् म्हणजे दिवस. मी आठ दिवस जेवलो नाही नीट. शेवटी खारूताई म्हणाली, "मामा, मी सगळा प्रोग्रॅम छापून देते. तूच तपास. वहिनी दुरुस्त्या करून खोक्यात चढवतील." मी तो गठ्ठा डोळ्यांत तेल घालून तपासला होता.

"कागदावर लाल शाईत जे होतं ते टाकलं," वहिनी म्हणाल्या. "खोक्यात चढवलं, रेडिओच्या ठोक्यावर वेळ लावली. साहेबांनी लगेच सील केलं. स्वतःच्या मनाचं एक अक्षर टाकलं नाही."

"कागदात चूक असणं शक्यच नाही. तो मी तपासला होता."

वहिनींनी भिंग बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"हो ना," त्या म्हणाल्या. "कागद तुम्हाला परत दिलाय मी."

मग भिंग पुन्हा ओढून त्या कामाला लागल्या. मी वहीत लिहिलं: नजर चुकवते. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

४

गुरुवारी दुपारी खारूताई अंगणात रेडिओ आणि मोजणीचं यंत्र घेऊन बसली होती. रेडिओने बारा दिले. आम्ही वाट बघत राहिलो. टॉवरचा पहिला ठोका पडला तेव्हा तिच्या यंत्रावर अठ्ठावन्न सेकंद होते.

"सोमवारी चोपन्न, आज अठ्ठावन्न. मी रोज मोजतेय. दिवसाला एक पूर्णांक अडतीस सेकंद, कालही तेवढेच, आजही तेवढेच. उन्हाचा दोष असता तर ढगाळ दिवशी कमी झाला असता." तिने पेन्सिल चावली. मग कागदावर भागाकार मांडला आणि ताडकन उभी राहिली. "मामा! दिवसात सेकंद किती? शहाऐंशी हजार चारशे. त्याला बासष्ट हजार पाचशेने भाग."

मी भागलं. एक पूर्णांक अडतीस.

"म्हणजे?"

"म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका जास्त मोजला जातोय! एकच. स्फटिक ठणठणीत आहे, जोडणी ठणठणीत आहे. प्रोग्रॅममधला एक आकडा कुणीतरी बदललाय. आणि कधी बदलला तेही सांगते. अठ्ठावन्न भागिले एक पूर्णांक अडतीस... बेचाळीस! बेचाळीस दिवस, सहा आठवडे. मागचा तो गुरुवार!"

खोकं उघडलं नाही, टॉवरची पायरी चढली नाही, आणि अंगणात बसून पोरीने गुन्ह्याचा दिवस सांगितला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. हिच्यापुढे मी कसला शोधक?

"शाब्बास गं! म्हणजे कुणीतरी बासष्ट हजार पाचशेचं बासष्ट हजार पाचशे एक केलं."

"नाही. कुणीतरी बासष्ट हजार पाचशे केलं."

"अगं, तेच तर बरोबर आहे! सेकंदाला ठोके तेवढेच."

"ठोके तेवढेच, पण मर्यादा, म्हणजे मोजत कुठवर जायचं तो आकडा, तेवढी नाही लिहायची." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "मामा, टॉवरला मजले किती?"

"पाच."

"आणि सगळ्यात वरचा कितवा?"

"चौ..." मी म्हणालो, आणि थांबलो.

"तळमजला शून्य, म्हणून शेवटचा चौथा. टायमरही शून्यापासून मोजतो. शून्य हासुद्धा एक ठोका. म्हणून ठोके बासष्ट हजार पाचशे हवे असतील, तर मर्यादा लिहायची बासष्ट हजार चारशे नव्याण्णव. कुणीतरी तो नव्याण्णव पुसून गोल आकडा केला, आणि प्रत्येक सेकंद एका ठोक्याने लांबला." तिचा चेहरा हळूहळू उतरला. "आणि त्या दिवशी खोक्याला एकाच माणसाचा हात लागला होता. मामा, वहिनींनी असं का केलं असेल? मी शनिवारी त्यांचं नाव कसं घेऊ?"

मी त्या आकड्यातच अडकलो होतो. बासष्ट हजार चारशे नव्याण्णव. हा आकडा मी कुठेतरी बघितला होता.

५

माझ्या कपाटातल्या तिसऱ्या खणात तपासलेला प्रत्येक कागद तारखेवार असतो. शुक्रवारी सकाळी घरात कोणी नसताना मी तो खण ओढला.

सातव्या पानावर ते होतं. खारूताईने प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी टीप लिहिली होती: 'सेकंदाला ठोके ६२५००.' तिच्या लगेच खालच्या ओळीत: 'मर्यादा ६२४९९.' आणि त्या खालच्या आकड्यावर एक सुबक लाल काट. शेजारी, माझ्या वळणदार अक्षरात, ६२५००.

मला तो क्षण लख्ख आठवला. वर एक आकडा, खाली दुसरा. उघडउघड छपाईचा दोष! पोरीची बोटं घसरली असणार. मी काट मारली होती आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारून चहा प्यायलो होतो. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मामा कधी विचारतो का?

खरं सांगतो, मनात पाप आलं. हा कागद फक्त माझ्याकडे आहे. फाडला तर कोणाला कळणार? पस्तीस वर्षांचं नाव, गावभर सांगितलेल्या बढाया, आणि शेवटी पकडला कोण गेला? मीच.

मग मी कागद खिशात घातला आणि कार्यशाळेत गेलो. वहिनी एकट्याच होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी डाखेची तार खाली ठेवली. "बुधवारी तुम्ही विचारायला आलात तेव्हा पानं डोळ्यांसमोर आली. शब्दांमध्ये एक आकडाही होता, तो मी टाकला होता. त्याने काय बिघडलं ते मला कळलं नाही, पण काहीतरी तिथेच असणार हे कळलं."

"मग बोलला का नाहीत? उद्या तुमच्यावर येईल सगळं!"

"माझं काय हो मामा? डाख लावणारीला कुठेही काम मिळतं." त्या साधेपणाने म्हणाल्या. "तिला दुसरा मामा कुठून मिळणार?"

मी तिथून उठलो तो थेट घरी आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

६

शनिवारी पावणेअकराला आम्ही पाचही जण टॉवरच्या चौथ्या मजल्यावर होतो. मी यावेळी मजले गप्प राहून मोजले. साहेबांनी पत्रक आणि खोकं उतरवण्याचा आदेश सोबत आणला होता, फक्त सही बाकी होती. खिडकीत चावीवाल्यांचा रेडिओ होता.

"सील तोडायच्या आधी सांगते," खारूताई म्हणाली. "आज अकराचा ठोका एकसष्ट सेकंद उशिरा पडेल. जवळजवळ."

रेडिओने अकरा दिले. साहेबांनी स्वतःच्या घड्याळावर बोट ठेवलं. पन्नास, पंचावन्न, साठ... आणि डोक्यावरची घंटा दणाणली. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने सगळं सांगितलं. एक ठोका जास्त, बेचाळीस दिवस, शून्य, मजले. मग सील तोडलं, तार जोडली, खोक्यातला आकडा वाचला. ६२५००.

"म्हणजे कोणीतरी केलंय," साहेब म्हणाले. "कोणी?"

खारूताई वहिनींकडे बघत होती. तिच्या ओठांपर्यंत नाव आलं होतं आणि डोळ्यांत पाणी. वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या, कधीच नाही.

"मी," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी खिशातून सातवं पान काढून खोक्यावर उलगडलं. "ही लाल शाई कोणाची ते गावात लहान मूलही सांगेल. वर पाचशे, खाली चारशे नव्याण्णव. मला वाटलं, पोरीची चूक. मी ती सुधारली. तिला विचारलं नाही, कारण मला कधी कोणाला विचारावं लागत नाही असा माझा समज. वहिनींनी माझं ऐकलं, यापलीकडे त्यांचा काही दोष नाही. बुधवारपासून त्या गप्प राहिल्या त्या माझी अब्रू राखायला."

चावीवाले माझ्याकडे टक लावून बघत होते.

"वहिनी!" खारूताई म्हणाली, आणि तिने जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "मी काय काय विचार केला तुमच्याबद्दल..."

"असू दे गं," वहिनी म्हणाल्या.

"पण मग घड्याळ खराबच झालं ना?" साहेबांनी आदेशाचा कागद पुढे केला.

तेव्हा माझं डोकं सणकलं. चूक माझी, ती मी कबूल केली. पण पोरीच्या घड्याळाला कोणी नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नव्हतो.

"साहेब, घड्याळ चुकलंच नाही! मी त्याला चुकीचा आकडा सांगितला आणि त्याने तो चव्वेचाळीस दिवस इमानेइतबारे पाळला. दिवसाला एक पूर्णांक अडतीस, ना कमी ना जास्त. चूकसुद्धा इतकी नेमकी केली, की अंगणात बसून तिची तारीख काढता आली. तुमच्या त्या गुळगुळीत पत्रकातलं एक घड्याळ दाखवा असं! आणि ते बिघडल्यावर का बिघडलं, हे असं सांगणारं माणूस दाखवा!"

साहेबांनी पत्रक उलटंसुलटं केलं. मग आदेशाची घडी घालून ती खिशात टाकली.

"बारापर्यंत दुरुस्त होईल?"

"पाच मिनिटांत," खारूताई म्हणाली. पण तिने संगणकाला हात लावला नाही. सातवं पान माझ्यापुढे सरकवलं आणि माझ्या खिशातलं लाल पेन काढून माझ्याच हातात दिलं. "मामा, दुरुस्ती तुझ्याकडून येऊ दे. त्याशिवाय वहिनी टाकणार नाहीत."

आमच्या धंद्यात एक खूण आहे. जे खोडलं ते खोडायला नको होतं असं कळलं, की खोडलेल्या अक्षरांखाली टिंबं द्यायची. अर्थ असा, की मूळ आहे तसंच राहू द्या. दुसऱ्यांनी खोडलेल्याखाली मी ती खूप वेळा दिली होती. स्वतःच्या काटेखाली कधीच नाही. ६२४९९ खाली मी पाच टिंबं दिली.

"आणि वर टीपही लिही," ती म्हणाली. "पुढच्या माणसाला कळायला हवं."

मी विचार करून लिहिलं: 'टायमर शून्यापासून मोजतो. खालचा आकडा बरोबर आहे. कोणीही शहाणपणाने सुधारू नये.' वहिनींनी ते जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये टाकलं, खोक्यात चढवलं आणि रेडिओच्या साडेअकराला वेळ लावली.

बारा वाजायला आले तसे चावीवाले माझ्या कानाशी लागले. "कानामात्रा, ठोके एकापासून मोजू की शून्यापासून?"

"आणि मिशी कधी उतरवताय?" साहेबांनी पलीकडून विचारलं.

"संध्याकाळी," मी म्हणालो. बोललो होतो, आता काय करणार?

रेडिओने बारा दिले आणि त्याच क्षणी डोक्यावर घंटा पडली. मध्ये फट नाही, श्वासाएवढीही नाही. खाली चौकात कोणीतरी मनगटावरचं घड्याळ लावून घेत होतं. चावीवाल्यांनी कमरेची किल्ली सोडवली, खारूताईच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. तिने ती मूठ कपाळाला लावली. ही माझी भाची आहे, असं मला पाचव्या की चौथ्या त्या मजल्यावरून ओरडून सगळ्या गावाला सांगावंसं वाटलं.

खोक्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली: मध्याह्न.

"हे मात्र बरोबर आहे हं, मामा," ती डोळे पुसत म्हणाली.

"आहेच," मी म्हणालो.